विश्वेश्वरय्यांचा विसरलेला अहवाल

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिन, १५ सप्टेंबर, देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कृष्णराजसागर धरणाचे आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांचे स्मरण होते, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचा उल्लेख होतो, म्हैसूर विद्यापीठाच्या स्थापनेचे श्रेय दिले जाते. हे सारे यथार्थच आहे. मात्र याच माणसाने १९२५ साली सरकारला सादर केलेल्या एका अहवालाची आठवण अशा समारंभांत सहसा निघत नाही. देशाची आर्थिक स्थिती जाणण्यासाठी कोणती आकडेवारी लागते, हाती असलेली आकडेवारी कितपत भरवशाची आहे आणि ती नीट गोळा व्हावी यासाठी कायदा व यंत्रणा कशी असावी, याची चर्चा त्या अहवालात होती. त्याला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, केंद्र सरकारने लांबणीवर पडलेल्या जनगणनेची अधिसूचना काढली.

१८८१ पासून दर दहा वर्षांनी देशात शिरगणती होत आली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४१ मध्येही ती काटछाट करून का होईना, पार पडली. २०२१ ची जनगणना मात्र करोनाच्या साथीमुळे पुढे ढकलली गेली आणि साथ ओसरल्यानंतरही अनेक वर्षे झाली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरवला. म्हणजे दोन मोजण्यांमधील अंतर दहाऐवजी सोळा वर्षांचे झाले. या पार्श्वभूमीवर विश्वेश्वरय्यांच्या आयुष्याकडे धरणांच्या नव्हे, तर मोजणीच्या बाजूने पाहणे उद्बोधक ठरते.

पुण्यातील जडणघडण

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. त्यांच्या जन्माची वर्षे ग्रंथांत दोन आढळतात, १८६० आणि १८६१. ज्या काळात खेड्यातील जन्माची नोंद करणारी सार्वत्रिक व्यवस्था नव्हती, त्या काळात यात नवल नाही. लहान वयात वडिलांचे छत्र हरपले. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात, शिकवण्या करीत, त्यांनी १८८१ मध्ये बी. ए. ची पदवी मिळवली. त्यानंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक पटकावला आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढची जवळजवळ पाव शतकाची नोकरी त्यांनी याच खात्यात केली. नाशिक, खानदेश आणि पुणे हा मराठी मुलूख म्हणजे त्यांची खरी कर्मशाळा होय.

त्या काळचे पुणे हे आकड्यांच्या आधारे राजकारण करू पाहणारे शहर होते, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीची पाहणी सार्वजनिक सभेने १८७० च्या दशकाच्या आरंभीच हाती घेतली होती. न्यायमूर्ती रानड्यांचे अर्थशास्त्रीय लेखन, रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकाने सरकारी अहवालांतून चिकाटीने वेचलेले तक्ते आणि त्यांच्या आधारे पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात केलेली अर्थसंकल्पावरील भाषणे, अशी ती परंपरा आहे. राज्यकर्त्यांची आकडेवारी घेऊन राज्यकर्त्यांनाच जाब विचारावयाचा, हे तिचे सूत्र होते.

तथापि या पद्धतीला एक मूलभूत मर्यादा होती. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले. १८८२ मध्ये सरकारतर्फे बेअरिंग आणि बार्बर यांनी ते २७ रुपये ठरवले. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने ३० रुपयांचा आकडा पुढे केला. देश गरीब होत चालला आहे की सावरत आहे, हा त्या काळचा सर्वांत ज्वलंत राजकीय प्रश्न. परंतु त्याचे उत्तर देणारा प्रत्येक आकडा अंदाजावर उभा होता. पिकांचे उत्पादन आणेवारीवरून ताडलेले, कारागिरांच्या मिळकतीचे तर मापच नाही. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांकडे मोजलेले असे फारच थोडे होते.

विश्वेश्वरय्या सरकारी नोकर होते. त्यांनी या वादात उडी घेतली नाही. मात्र त्यांच्या कामाची पद्धत याच दिशेची होती. दक्षिणेतील कालव्यांवर उसाला वारेमाप पाणी जाई आणि इतर पिके कोरडी राहत. त्यावर तोडगा म्हणून त्यांनी नीरा कालव्यावर गटवार पाणीवाटपाची पद्धत सुचवली. कालव्याखालील जमिनीचे गट पाडावयाचे, प्रत्येक गटात पिकांची फेरपालट ठरवावयाची आणि पाण्याची हमी द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. कोणते पीक किती पाणी घेते आणि कोणाच्या शेतात किती क्षेत्र भिजते याची नोंद असल्याखेरीज ही पद्धत चालूच शकत नाही. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर बसवलेले त्यांचे दरवाजे हेही पुराच्या पातळीच्या अचूक हिशेबाचेच फळ होते. १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, तेव्हा निजाम सरकारने त्यांना पाचारण केले. तेथेही पाणलोटातील पर्जन्याच्या नोंदी तपासून मगच त्यांनी शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधण्याची योजना दिली.

म्हैसूरची दिवाणगिरी

नोव्हेंबर १९०९ मध्ये ते मुख्य अभियंता म्हणून म्हैसूर संस्थानात परतले. त्या वेळी दिवाणपदी टी. आनंदराव होते. तंजावरच्या मराठी घराण्यातील सर टी. माधवराव यांचे ते पुत्र. त्यांच्याच कारकिर्दीत, १९११ मध्ये, नाल्वडी कृष्णराज वडेयार महाराजांच्या आश्रयाखाली म्हैसूर आर्थिक परिषद स्थापन झाली. तिच्यामागील प्रेरणा विश्वेश्वरय्यांची होती. शेती, उद्योग-व्यापार आणि शिक्षण अशा तीन समित्या तिच्यात होत्या आणि जिल्हा व तालुका पातळीवरही तिच्या शाखा होत्या. तालुक्यातील परिस्थिती काय आहे हे त्या तालुक्यातील लोकांनीच पाहावे, नोंदवावे आणि मग उपाय सुचवावेत, ही कल्पना त्या काळात नवी होती.

१९१२ मध्ये ते स्वतः दिवाण झाले. सहा वर्षांच्या त्या कारकिर्दीत बँक ऑफ म्हैसूर, म्हैसूर विद्यापीठ, व्यापारी मंडळ, कन्नड साहित्य परिषद अशा संस्था उभ्या राहिल्या आणि कृष्णराजसागराचे बांधकाम पुढे सरकले. यांचा तपशील सर्वपरिचित आहे. येथे थांबावयाचे ते त्यांच्या राजीनाम्यापाशी, कारण मोजणीचे राजकारण त्यांना स्वतःला तेथे भोवले.

संस्थानच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. ब्राह्मणेतर समाजांनी ते आकडे दाखवून प्रतिनिधित्वाची मागणी केली. आकड्यांचा असा उपयोग मराठी वाचकाला परका नाही. कोल्हापूर दरबारात १८९४ मध्ये सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे असल्याचे पाहून शाहू महाराजांनी १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या होत्या. म्हैसूरच्या महाराजांनी १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नोकरीत केवळ गुणवत्ता पाहावी, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. महाराजांशी झालेल्या या मतभेदानंतर वर्षअखेरीस त्यांनी दिवाणपद सोडले. मिलर समितीच्या अहवालानुसार पुढे संस्थानाने सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निदान निम्म्या आणि खालच्या जागांपैकी निदान दोन-तृतीयांश जागा ब्राह्मणेतरांना देण्याचे धोरण स्वीकारले.

पिके, पाऊस आणि कारखाने मोजण्याचा आग्रह धरणाऱ्या दिवाणाला सत्तेतील वाटा मोजला जाणे मानवले नाही, असा याचा अर्थ होतो. त्यांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. परंतु चरित्र सांगताना ही बाजू झाकणे योग्य नव्हे. मोजणी ही कोणालाच केवळ सोयीची नसते. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचे ठरवले. सर्व जातींची पूर्ण नोंद त्यापूर्वी १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. कर्नाटकात २०१५ मध्ये झालेल्या सामाजिक-शैक्षणिक पाहणीचा अहवाल सरकारला सादर व्हायला २०२४ उजाडले आणि अखेर २०२५ मध्ये नव्याने पाहणी करण्याची पाळी आली. म्हैसूर राज्यातील जुना वाद शतकानंतर बंगळुरूतच पुन्हा उभा राहिला.

१९२५ ची समिती

दिवाणपद सोडल्यावर विश्वेश्वरय्यांनी १९२० मध्ये भारताच्या पुनर्रचनेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. १८९८ च्या जपानभेटीपासून इतर देशांशी तुलना करण्याची त्यांना सवयच लागली होती. तुलना करावयाची तर दोन्ही बाजूंचे आकडे लागतात आणि भारताच्या बाजूचे रकाने रिकामे राहतात, हे त्यांच्या प्रत्ययाला येत गेले.

त्यांना संधी मिळाली ती १९२५ मध्ये. त्याआधीच्या वर्षी सरकारने करपद्धतीच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. लोकांवर किती कर लादता येईल हे ठरवण्याआधी त्यांचे उत्पन्न किती आहे हे तर पाहा, असा केंद्रीय कायदेमंडळातील भारतीय सभासदांचा आग्रह होता. त्यातून भारतीय आर्थिक चौकशी समिती जन्माला आली. विश्वेश्वरय्या अध्यक्ष, पंजाबच्या १९११ च्या शिरगणतीचे प्रमुख पंडित हरिकिशन कौल आणि अलाहाबाद विद्यापीठाचे प्राध्यापक बर्नेट-हर्स्ट हे सदस्य. बर्नेट-हर्स्ट यांनी मुंबईतील कामगारांच्या राहणीचा आणि घरांचा अभ्यास केलेला होता. त्यांनी अहवालाला आपले वेगळे मतपत्रक जोडले.

समितीने आकडेवारीचे तीन वर्ग पाडले. पहिल्यात सरकारी वित्त, लोकसंख्या, व्यापार, दळणवळण, शिक्षण, जन्ममृत्यू, स्थलांतर यांसारखे विषय. दुसऱ्यात शेती, पशुपालन, जंगल, मासेमारी, खनिजे, मोठे कारखाने आणि घरगुती उद्योग यांचे उत्पादन. तिसऱ्यात उत्पन्न, संपत्ती, राहणीचा खर्च, कर्जबाजारीपणा, मजुरी आणि किमती. निष्कर्ष असा की, पहिल्या वर्गाची माहिती बऱ्यापैकी उपलब्ध आहे, दुसऱ्या वर्गात मोठ्या उणिवा आहेत आणि तिसऱ्या वर्गात समाधानकारक असे काही झालेलेच नाही. राज्यकारभाराला रोज लागणारे आकडे सरकारजवळ होते. माणसे कशी जगतात, हे सांगणारे नव्हते.

दुसऱ्या वर्गातील उणिवांमागे महसूल पद्धतीचा इतिहास होता. रयतवारी मुलखात गावोगावी कुलकर्णी, तलाठी किंवा शानभोग असे आणि शेतवार पिकांची नोंद होई. आपल्या सातबारा उताऱ्यातील बारा म्हणजे तोच पिकांचा नमुना. कायमधारा पद्धतीच्या बंगालमध्ये सारा जमीनदाराकडून एकरकमी येत असल्याने सरकारला गावात माणूस ठेवण्याची गरजच भासली नव्हती. तेथील पिकांचे आकडे त्यामुळे बव्हंशी ठोकताळेच राहिले. आकडेवारीचा दर्जा अखेर गावातल्या शेवटच्या नोंदणाऱ्यावर अवलंबून असतो.

समितीने मुख्यतः दोन उपाय सुचवले. आकडेवारी गोळा करण्याला कायद्याचे अधिष्ठान द्यावे आणि विखुरलेल्या खात्यांचे काम एका सूत्रात आणणारी केंद्रीय व प्रांतिक सांख्यिकी कार्यालये स्थापावीत. इतरत्र हे घडून गेले होते. ऑस्ट्रेलियाने १९०५ मध्ये जनगणना व सांख्यिकी कायदा केला होता, कॅनडात १९१८ मध्ये केंद्रीय सांख्यिकी कार्यालय सुरू झाले होते. भारत सरकारने मात्र अहवाल बासनात बांधून ठेवला. १९३४ मध्ये बाउली आणि रॉबर्टसन या ब्रिटिश तज्ज्ञांना पुन्हा याच प्रश्नावर बोलावण्यात आले आणि त्यांच्याही शिफारशींवर तातडीने फारसे घडले नाही. त्याच वर्षी विश्वेश्वरय्यांचा नियोजित अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याचे उद्दिष्ट त्यात होते. ज्या देशाचे राष्ट्रीय उत्पन्नच कोणी नीट मोजलेले नाही, तेथे ते दुप्पट झाले हे ओळखावयाचे कसे, ही अडचण त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. प्रशांतचंद्र महालनोबीस अध्यक्ष आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व पुढे बंगळुरूत सामाजिक-आर्थिक संशोधन संस्था उभारणारे व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, १९५१ मध्ये केंद्रीय सांख्यिकी संघटना स्थापन झाली, १९५३ मध्ये आकडेवारी संकलनाचा कायदा आला. १९२५ च्या तिसऱ्या वर्गातील रकाने आता कोठे भरू लागले. विकसनशील देशांत भारताची नमुना पाहणी आदर्श मानली गेली. विश्वेश्वरय्यांना १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. एप्रिल १९६२ मध्ये, शंभरी ओलांडून, त्यांनी बंगळुरूत देह ठेवला. आपल्या अहवालातील बराचसा भाग दुसऱ्यांच्या हातून साकार झालेला त्यांना पाहायला मिळाला.

कायदा कोणाला बांधतो?

मग उरले काय? उत्तर कायद्यांच्या शब्दांत सापडते. १९५३ चा कायदा आणि त्याची जागा घेणारा २००८ चा कायदा माहिती देणाऱ्याला बांधतात. माहिती दडवणाऱ्या कारखानदाराला दंड करतात. जमवलेली माहिती सरकारने ठरावीक मुदतीत प्रसिद्ध केलीच पाहिजे, असे बंधन मात्र त्यांत नाही. १९४८ चा जनगणना कायदा तर सरकारला जनगणना घेण्याचा अधिकार देतो. दर दहा वर्षांनी घेण्याचे कर्तव्य सांगत नाही. राज्यघटनेच्या ८२ व्या अनुच्छेदात प्रत्येक जनगणनेनंतर जागांच्या फेरवाटपाची तरतूद आहे, पण जनगणना केव्हा घ्यावी याबाबत तो अनुच्छेद मौन पाळतो. अमेरिकेच्या राज्यघटनेने दहा वर्षांची मुदत घालून दिली आहे. आपल्याकडे ती परंपरेवर सोडली गेली आणि २०२१ मध्ये परंपरा तुटली तेव्हा न्यायालयात किंवा संसदेत बोट ठेवावे असे कलमच हाती नव्हते.

रंगराजन आयोगाने २००१ मध्ये स्वायत्त व वैधानिक राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाची शिफारस केली. २००५ मध्ये आयोग नेमला गेला तो सरकारी ठरावाने, संसदेच्या कायद्याने नव्हे. त्यातील फरक जानेवारी २०१९ मध्ये कळून आला. आयोगाने मान्य केलेला रोजगार पाहणीचा अहवाल प्रसिद्ध होत नाही, या कारणाने दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल बाहेर आला तो लोकसभा निवडणुकीनंतर, ३१ मे रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष दर्जाच्या कारणाने प्रसिद्ध न करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२० मध्ये, टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले या प्रश्नावर, अशी माहिती ठेवली जात नाही, असे उत्तर श्रम मंत्रालयाने लोकसभेत दिले. नोंदच नसेल तर उत्तर द्यायची जबाबदारीही राहत नाही, हे त्या दिवशी सभागृहाने पाहिले.

हे दुखणे एकट्या भारताचे नाही. घानाने २०१० मध्ये आणि नायजेरियाने २०१४ मध्ये जुनाट आधारवर्ष बदलताच त्यांची अर्थव्यवस्था कागदावर अनुक्रमे सुमारे ६० आणि ८९ टक्क्यांनी वाढली. म्हणजे आधीची कित्येक वर्षे त्यांची धोरणे चुकीच्या आकड्यांवर आखली जात होती. लेबनॉनमध्ये १९३२ नंतर अधिकृत जनगणनाच झाली नाही, कारण तेथील सत्तावाटप धर्मसमूहांच्या संख्येवर बेतलेले आहे.

आपल्याकडे या विलंबाची किंमत कोण देते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील सुमारे ८१ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवरून काढलेली आहे. त्यानंतर वाढलेली माणसे शिधापत्रिकेच्या रांगेत उभी राहिली. २०२३ च्या घटनादुरुस्तीने महिलांच्या आरक्षणाची अंमलबजावणी पुढील जनगणनेनंतरच्या मतदारसंघ फेररचनेशी जोडली. आणि विश्वेश्वरय्यांच्या बंगळुरूचे काय? २०११ मध्ये महापालिका क्षेत्रात ८४ लाख लोक मोजले गेले. त्यानंतर नोकरीधंद्यासाठी आलेले, त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ, कोणत्याही पूर्ण मोजणीत आले नाहीत. कावेरी लवादाने २००७ मध्ये, शहराचा एक-तृतीयांश भागच कावेरी खोऱ्यात मोडतो आणि निम्मी गरज भूजलातून भागेल, असे गृहीत धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात ते गृहीतक अमान्य करून शहराच्या पिण्यासाठी ४.७५ अब्ज घनफूट पाणी वाढवून दिले. कृष्णराजसागरातले पाणी कोणाच्या घागरीत किती पडावे, हेसुद्धा अखेर माणसे किती मोजली यावर ठरते.

विश्वेश्वरय्यांनी ज्या सरकारपुढे अहवाल ठेवला ते परकीय होते. जनतेला आकडे देणे हे त्याचे कर्तव्य आहे, अशी अपेक्षा त्या चौकटीत बसणारी नव्हती. त्यामुळे कायद्याचा रोख माहिती देणाऱ्याकडे राहिला, हे समजण्यासारखे आहे. प्रजासत्ताकाला ती सबब नाही. जनगणनेची मुदत कायद्यात लिहिणे, पाहण्यांचे अहवाल प्रसिद्ध करण्याच्या तारखा आधी जाहीर करून त्या पाळण्याची सक्ती करणे आणि सांख्यिकी आयोगाला संसदेच्या कायद्याचा आधार देणे, या तीन सुधारणांना फार मोठा खर्च नाही. धरणे बांधण्याहून ते काम पुष्कळ सोपे आहे. ते कोणत्याच सरकारने पुरे केले नाही, कारण सत्तेवर असताना न मोजण्याची मुभा सर्वांनाच सोयीची वाटते. १९१८ च्या म्हैसूरमध्ये ती एका थोर दिवाणालाही सोयीची वाटली होती.